सरकींतील काळे ठिपके

आमच्या भंडारा जिल्ह्याच्या या बाजूस कापूस दिसत नाहीं. येथें भाताच्या बांध्या, बांध्यांच्या पलीकडे तलाव, आणि तलावाच्या पाळीवर मोहाचीं झाडें. काळी जमीन आणि बोंडें फुटून पांढरीं झालेलीं शेतें पाहावयाचीं असतील तर नागपूर ओलांडून वर्ध्याकडे जावें लागतें. त्यामुळें सरकी म्हणजे काय, हें आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांनीं पुस्तकांतच वाचलेलें; उशी उसवतांना एखादें बी हातीं लागलें तर लागलें. अशा मुलुखांत २०२३ सालच्या दिवाळींत सरकीचें एक भरलेलें पोतें आमच्या ओसरीवर येऊन पडलें, आणि त्यापासून पुढें जें घडलें तें वार्षिकाच्या अंकांत लिहावें असें आम्हांस वाटलें. लिहितांना संकोच होतो, हें आरंभींच कबूल करतों. कारण या हकिकतींत शहाणपणाचा वाटा एका विद्यार्थ्याकडे व त्याच्या आजीकडे जातो, आणि उतावळेपणाचा आमच्याकडे.

पोतें आणलें तें आमच्या मेव्हण्यांनीं. त्यांचें घर हिंगणघाटाकडे, शेती कपाशीची. तिकडे दुभत्या म्हशीस आणि कामाच्या बैलास भिजविलेली सरकी घालण्याची जुनी चाल आहे. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या दुधावर साय जाड येते, असें तिकडील बायका सांगतात. आम्ही घरीं चार शेळ्या बाळगतों, हें मेव्हण्यांस ठाऊक. हायस्कुलाच्या मास्तरानें शेळ्या बाळगाव्या याचें कांहीं मंडळींस हसूं येतें. परंतु आमच्या लहानपणीं घरांत दूध असे तें शेळीचेंच, आणि तो ऋणानुबंध अद्याप सुटलेला नाहीं. मेव्हणे गोठ्यांत डोकावून म्हणाले, "भाऊजी, तुमच्या शेळ्या तणसावर नुसत्या वाळून गेल्या. रोज मूठभर सरकी घाला आणि महिन्यानें पाहा."

त्यांचें म्हणणें खरें होतें. भाताची कापणी व मळणी आटोपली कीं आमच्याकडे जनावरांपुढें तणसाचे ढीग असतात. पण तणसानें पोट भरतें, अंगीं कांहीं लागत नाहीं. शंभर भाग तणसांत प्रथिन जेमतेम चार भाग. सरकींत तेंच वीस-बावीस भाग, त्याशिवाय तेल सतरा-अठरा भाग, आणि वर चिकटलेल्या आखूड तंतूंचा व सालीचा चोथा, जो रवंथ करणाऱ्या प्राण्यास वैरणीसारखाच उपयोगीं पडतो. प्रथिन, तेल आणि चोथा अशीं तिन्ही एकाच दाण्यांत मिळावीं, हें क्वचितच घडतें. पावसाळा संपल्यावर रानांतील हिरवा पाला दिवसेंदिवस कमी होत जातो, आणि नेमक्या त्याच सुमारास पुष्कळ शेळ्या गाभण तरी असतात किंवा नुकत्याच व्यालेल्या तरी असतात. त्या वेळीं मूठभर सरकीनें दुधांत व अंगलटींत जो फरक पडतो, तो आम्हीं आमच्याच गोठ्यांत तीन आठवड्यांत पाहिला.

सरकीचें नवल असें कीं, ती उरलेली वस्तु म्हणून जन्मास येते. शेतांतून वेचलेला कापूस जिनांत गेला म्हणजे त्याच्या तीन भागांपैकीं सुमारें एक भाग रुई निघते. बाकीचे दोन भाग सरकी. जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजीं. विदर्भाच्या कापसाची कथा सांगावयाची म्हणजे आपण अशा गिरण्यांची, सुताची आणि रुईच्या गासड्यांची कथा सांगतों. वजनानें जो दुप्पट भाग गव्हाणींत आणि तेलाच्या घाण्यांत गेला, त्याची आठवण आपणांस होत नाहीं. हा विचार डोक्यांत आला मात्र, आणि आम्हांस वाटलें, नववीच्या वर्गासाठीं हा तर आयता पाठ झाला!

दुसऱ्याच दिवशीं वाटीभर सरकी घेऊन आम्ही वर्गांत गेलों. दाणा कोऱ्या कागदावर चिरडून तेलाचा डाग दाखविला. तो डाग वाळत नाहीं, हें मुलांनीं स्वतः पाहिलें. वरचे आखूड तंतू जाळून कागद जळल्याचा वास दाखविला. मग एक दाणा पात्यानें उभा कापला, आणि भिंग हातोहात फिरवावयास दिलें. वर्ग आनंदांत होता, आम्हीही होतों. इतक्यांत एकोडीहून सायकलीनें येणारा एक मुलगा भिंगावरून डोळा न काढतां म्हणाला, "सर, आंत हे काळे ठिपके कशाचे?"

ठिपके होते. पिवळसर गरावर कोणीं काळी पूड शिंपडावी तसे, मोहरीहूनही कितीतरी बारीक. आम्हीं ते आधीं पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी त्यांचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. "ठाऊक नाहीं, पाहून सांगतों" एवढें म्हणावयास कितीसा वेळ लागतो? परंतु वीस वर्षे फळ्यापुढें उभें राहिल्यानें मास्तरास एक खोड जडते. प्रश्न हवेंत लोंबकळत राहिलेला त्यास सोसवत नाहीं. आम्ही म्हणालों, "कांहीं नाहीं, बियाचा रंग आहे तो. पुढें पाहा." मुलगा खालीं बसला. घंटा झाली.

तास संपल्यावर तोच मुलगा वऱ्हांड्यांत आला. त्याचे आईवडील वर्षांतील सहा-सात महिने वीटभट्टीच्या कामास बाहेरगांवीं असतात. घरीं आजी, तो आणि धाकटी बहीण. आजीच्या तीन शेळ्या. दोन नुकत्याच व्याल्या होत्या आणि चार करडें होतीं. "आमच्या शेळ्यांना सरकी चालेल का, सर?" असें त्यानें विचारलें. "चालेल कशाला, धांवेल!" असें म्हणून आम्हीं आपल्याच विनोदावर हंसलों, आणि शनिवारीं अर्धें पोतें त्याच्या सायकलीस बांधून दिलें.

ज्या पालकांनीं शेळी पाळली आहे त्यांस हें सांगावयास नको, पण शहरांत वाढलेल्या वाचकांसाठीं सांगतों कीं, अशा घरीं शेळी ही दुधाची वस्तु नंतर, आणि घरची पेढी आधीं. वह्या-पुस्तकें, सायकलीची दुरुस्ती, आजारपण, लग्नकार्य, यांपैकीं कांहीं निघालें कीं एक बोकड साकोलीच्या बाजारास जातो. त्या चार करडांपैकीं तीन बोकड होते. ते उन्हाळ्याच्या शेवटीं विकावयाचे, आणि मुलाच्या दहावीच्या वर्षाचा खर्च त्यांतून भागवावयाचा, असें आजीनें तीं करडें जन्मलीं त्याच दिवशीं ठरवून टाकलें होतें.

डिसेंबरांत मुलगा दोनदा येऊन सांगून गेला, कीं शेळ्यांचें दूध वाढलें, अंगावर तकाकी आली. नाताळच्या सुटीपूर्वीं तो पुन्हां जिन्यांत भेटला. म्हणाला, "सर, आतां करडांनाही देतों. त्यांना दाणा चावत नाहीं, म्हणून पाट्यावर वाटून कोंड्यांत कालवतों. वाढत्या जिवाला प्रथिन जास्त लागतें ना?" तें वाक्य आमचेंच होतें. आम्हांस पुढच्या तासाची घाई होती. "शाबास!" असें म्हणून आम्ही जिना चढून गेलों.

जानेवारीच्या अखेरीस तो चार दिवस शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं एकोडीच्याच दुसऱ्या मुलाकडून कळलें कीं, त्याचीं करडें मरत आहेत.

रविवारीं उपासना आटोपतांच आम्ही एकोडीस गेलों. अंगणांत तालुक्याहून आलेले पशुवैद्य हात धूत होते. तीन करडें आठवडाभरांत गेलीं होतीं. सकाळीं उड्या मारणारें करडूं दुपारीं मान लांबवून धापा टाकूं लागे आणि रात्रीं गार पडलेलें असे. तिन्ही बोकड. चौथी पाठ भिंतीशीं उभी होती. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. पशुवैद्यांनीं शेवटचें करडूं उघडून पाहिलें होतें. छातींत आणि पोटांत पिवळसर पाणी सांचलेलें, हृदय सैल पडलेलें, यकृत काळवंडलेलें. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, कीं यांस खावयास काय घालीत होतां? मुलगा आंत गेला आणि वाटलेल्या सरकीची वाटी घेऊन आला. तीं पांच आठवडे तेंच खात होतीं.

"गॉसिपॉल असावें," पशुवैद्य म्हणाले. "सरकी कापून पाहिली आहे कधीं? आंत काळे ठिपके असतात. तें त्या ठिपक्यांत असतें."

मुलानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस आजही वाटतें.

त्या रात्रीं घरीं येऊन आम्हीं जें वाचावयास नोव्हेंबरांत हवें होतें तें वाचलें. कपाशीचें शास्त्रीय नांव गॉसिपियम. त्यावरून १८९९ सालीं मार्खलेव्हस्की नांवाच्या पोलिश रसायनशास्त्रज्ञानें या पिवळ्या द्रव्यास गॉसिपॉल हें नांव दिलें. कपाशीच्या पानांत, खोडांत, मुळांत आणि बियांत सूक्ष्म ग्रंथि असतात, त्यांत तें साठलेलें असतें. झाड तें आपल्या रक्षणासाठीं करतें. किडे, अळ्या त्यामुळें दूर राहतात. बियांत त्याचें प्रमाण साधारणपणें अर्धा ते एक टक्का, कधीं त्याहून थोडें अधिक. डुकरांस आणि कोंबड्यांस तें बाधतें. सरकीची पेंड खाणाऱ्या कोंबडीचीं अंडीं कांहीं दिवस ठेवलीं तर आंतील बलक हिरवट पडतो, हें पाहून पूर्वीं कोंबड्या पाळणारे चकित होत.

मग शेळी, मेंढी, गाय यांस तें कसें पचतें? येथेंच आमच्या शरमेचें खरें ठिकाण आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याचें चार कप्प्यांचें जठर आम्ही दरवर्षीं फळ्यावर रंगीत खडूंनीं काढतों. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत असल्यापासून तें चित्र आमच्या हातांत बसलें आहे. त्यांतील पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे सूक्ष्म जीवांनीं भरलेला एक रांजणच. दाणा तेथें पडला कीं त्यांतून हळूहळू सुटणारें गॉसिपॉल तेथील प्रथिनांशीं जखडलें जातें, आणि जखडलेलें गॉसिपॉल रक्तांत शिरत नाहीं. पण हा रांजण जन्मतः भरलेला नसतो. दूध पिणाऱ्या करडाच्या अन्ननलिकेच्या शेवटीं एक पन्हळ तयार होते, आणि दूध पहिल्या कप्प्यास वळसा घालून थेट चौथ्यांत उतरतें. पहिला कप्पा त्या वयांत लहानशा पिशवीसारखा पडून असतो. गवत, पाला हुंगत, चघळत, कित्येक आठवड्यांनीं तो जागा होतो. म्हणजे महिन्याभराचें करडूं बाहेरून शेळी असलें तरी आंतून शेळी नसतें. हेंही आमच्या पुस्तकांत होतें. आम्हीं चित्र काढलें, नांवें घातलीं, परीक्षेंत प्रश्न विचारला, आणि जिन्यांत त्याच चित्रावर जिवंत प्रश्न आला तेव्हां "शाबास" म्हणून वर गेलों.

वाटून घातल्यानें भरच पडली. अख्खा दाणा सावकाश फुटतो, तसें विषही सावकाश सुटतें; पिठाचें तसें नाहीं. शिवाय हें विष एका दिवसांत मारीत नाहीं. तें दिवसामागें दिवस सांचत जाऊन हृदयावर घाला घालतें, म्हणून तीन-चार आठवडे सर्व आलबेल दिसतें आणि मग अकस्मात् जनावर पडतें. घरच्या मंडळींस वाटतें, कांहीं सांथ आली.

पुढच्या रविवारीं आम्ही पुन्हां एकोडीस गेलों. हें सर्व आजीस समजावून सांगावें असा हेतु होता. तिनें शांतपणें ऐकलें, आणि विचारलें, "म्हंजे लाखोरीवानी?"

लाखोळी आमच्या जिल्ह्याची जुनी डाळ. धान कापावयाच्या आधींच ओल्या बांधींत तिचें बी फेंकतात, आणि धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ती वाढते. दुष्काळांत जीं कुटुंबें महिनेच्या महिने तिच्यावरच जगलीं, त्यांतील कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यामुळें पुष्कळ वर्षे तिच्या विक्रीवर कायद्याची बंदीही होती. पण येथल्या बायकांनीं कायद्याची वाट पाहिली नाहीं. आजी म्हणाली, "लाखोरी आमी खातोच ना गुरुजी. भिजवतो, शिजवतो, पयलं पानी फेकून देतो. तिचा गुन आमाले ठावं हाय. याचा कोनी सांगतलाच नाई. पोट्टा म्हने, सरांनं सांगतलं. मंग मी नाई कशी म्हनू?"

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. लाखोळींतील विष पाण्यांत विरघळतें, म्हणून पाणी फेंकल्यानें तें बरेंच जातें. गॉसिपॉल पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून सरकी भिजविल्यानें तिचें विष जात नाहीं, एवढें आम्हीं सांगितलें. तें तिनें लगेच ध्यानांत घेतलें. जी बाई एका बियाचें विष काढून तें खातां येतें हें जाणत होती, तिला दुसऱ्या बियांत विष असूं शकतें हें समजावयास एक वाक्य पुरलें असतें, आणि तें वाक्य आमच्याकडे नव्हतें.

करडांच्या मोबदल्यांत आमची एक शेळी तिनें घ्यावी, असें आम्हीं सुचविलें. ती म्हणाली, "फुकटची नको गुरुजी. बटईनं द्या. शेरी तुमची, राखन माझी, पिल्लं अर्धी-अर्धी." आमच्या भागांत ही रीत जुनी आहे, आणि तींत कोणाचेंच मस्तक खालीं होत नाहीं. फेब्रुवारींत आम्हीं शेळी एकोडीस पोंचविली. दहावीच्या खर्चासाठीं मात्र आजीस आपल्या दुभत्या शेळ्यांपैकीं एक विकावी लागली. आम्हीं देऊं केलेले पैसे तिनें घेतले नाहींत. धापा टाकणारी ती पाठ वांचली, पण आज ती आपल्या वयाच्या शेळ्यांच्या खांद्याइतकीही भरत नाहीं.

आम्ही वर्गांत परत तोच पाठ घेतला. "नोव्हेंबरांत या वर्गांत एक प्रश्न विचारला गेला होता, त्याचें आम्हीं दिलेलें उत्तर चूक होतें," असें म्हणून आरंभ केला. एवढें वाक्य उच्चारण्यास जो धीर लागला तो आम्हांसच ठाऊक. वर्गानें सर्व लिहून घेतलें. ज्यानें प्रश्न विचारला होता तोही लिहून घेत होता. पण त्या दिवशीं, आणि त्यानंतर मार्च संपेपर्यंत, त्यानें हात वर केला नाहीं. करडांची भरपाई बटईनें होऊं शकते. याची कशानें व्हावी, हें आम्हांस कळेना.

ज्या पालकांच्या घरीं शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांनीं हें वाचून सरकीस घाबरून जाऊं नये. पूर्ण वाढलेल्या शेळीस किंवा मेंढीस दिवसास शंभर-दीडशे ग्रॅम अख्खी सरकी, म्हणजे दोन बऱ्या मुठी, खुशाल घालावी; एकूण कोरड्या खाण्याच्या पांचव्या हिश्श्यावर ती जाऊं देऊं नये. त्याचें कारण केवळ विष नव्हे. तेल फार झालें तर पहिल्या कप्प्यांतील सूक्ष्म जीव मंदावतात आणि तणीस पचत नाहीं, म्हणजे ज्यासाठीं सरकी आणली तेंच बिघडतें. दूध पिणाऱ्या करडास व कोंकरास ती अजिबात नको. दूध सुटून नीट रवंथ सुरू होईपर्यंत, साधारण तीन-चार महिने, त्यांच्या तोंडापासून ती लांबच असावी. पैदाशीसाठीं राखलेल्या बोकडास ती फार दिवस घालूं नये. त्याच्या बीजावर परिणाम होतो. घाण्यांत तापलेल्या सरकीच्या ढेपेंत मोकळें गॉसिपॉल बरेंच कमी असतें, कारण उष्णतेनें तें पेंडींतील प्रथिनांशीं जखडलें जातें. तरी लहान करडास तीही नको.

मेंढ्यांविषयीं एका पालकांनीं विचारलें तें येथें सांगण्याजोगें आहे. कापसाची वेचणी संपली म्हणजे वऱ्हाडांतील शेतांत मेंढ्यांचे कळप उतरतात आणि पाला, राहिलेलीं बोंडें, त्यांतील सरकी, सर्व फस्त करतात. मग त्या कशा मरत नाहींत? मोठ्या मेंढीचा रांजण भरलेला असतो म्हणून, आणि ती दिवसभर हिंडत इतरही चरते म्हणून. मात्र ज्या कपाशीवर नुकतेंच औषध फवारलें असेल त्या शेतांत कळप घालूं नये. तें विष निराळें, आणि त्याच्यापुढें कोणताच कप्पा टिकत नाहीं.

आणखी एक शत्रु बुरशी. आमच्याकडे उरलेलें अर्धें पोतें जमिनीवरच राहिलें, आणि मृगाच्या पहिल्या पावसांत त्यास ओल लागली. वास घेतला तेव्हां जुन्या ओल्या भिंतीसारखा आला. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरसटलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें मेले, तेव्हां या बुरशीच्या विषाचा शोध लागला. सरकीवरही तीच बुरशी वाढते, आणि तिचें विष दुभत्या जनावराच्या दुधांतून माणसांपर्यंत पोंचतें. आमच्या पत्नीनें पोतें फळीवर ठेवावयास दोनदा सांगितलें होतें. आम्हीं तें सर्व खोल खड्डा खणून पुरलें.

झाडानें विष करूंच नये, अशी युक्ति माणसानें केली नसेल असें नाहीं. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकेंत ग्रंथि नसलेली कपाशी तयार झाली. बी निर्मळ निघालें, पण झाडावर किड्यांनीं सुगीच केली. पानांतील पहारा उठला होता ना! पुढें टेक्सास ए अँड एम विद्यापीठांतील आपल्याकडीलच शास्त्रज्ञ डॉ. कीर्ती राठोर यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, पानांत व खोडांत गॉसिपॉल राहूं देऊन केवळ बियांतील तें जवळजवळ नाहींसें करतां येतें. २०१८ मध्यें त्या कपाशीस अमेरिकेंत लागवडीची मोकळीक मिळाली, आणि २०१९ मध्यें तिचें बी माणसांच्या व जनावरांच्या खाण्यास योग्य ठरलें. म्हणजे काळ्या ठिपक्यांविषयीं प्रश्न विचारून एका माणसानें आपलीं कित्येक वर्षे खर्चीं घातलीं. तोच प्रश्न आमच्या वर्गांत आला, तेव्हां आम्हीं त्यास अर्धें मिनिट दिलें नव्हतें.

बटईची शेळी त्याच वर्षीं दसऱ्याच्या सुमारास व्याली. एक पाठ, एक बोकड. रीतीप्रमाणें राखणाऱ्याची निवड पहिली. आजीनें पाठ घेतली, बोकड आमच्या वांट्यास आला, पण दूध सुटेपर्यंत दोन्ही एकोडीसच राहिलीं. शेळीस दोन मुठी सरकी मिळते. पिशवी आढ्यास टांगलेली असते.

नोव्हेंबरांत एके दिवशीं तो मुलगा, आतां दहावींतला, तास संपल्यावर वऱ्हांड्यांत उभा राहिला. जवळजवळ वर्षानें त्यानें आम्हांस प्रश्न विचारला. "सर, रवंथ सुरू होतो तो नेमका कोणत्या दिवशीं?"

आम्हांस कोणता दिवस तें ठाऊक नव्हतें, आणि या खेपेस तसें सांगितलें. पुस्तकांत आठवडे दिलेले असतात, दिवस नसतो. तो म्हणाला, "मी लिहून ठेवलें आहे," आणि एक चौकोनी रेघांची वही पुढें केली. जन्मापासून दोन्ही करडांची रोजची एक-एक ओळ होती: दूध किती वेळां, पाला हुंगला कीं चावला, केव्हां निजलीं. बोकडाच्या पानावर एकोणिसाव्या दिवशीं लिहिलें होतें, "दुपारीं बसून तोंड हलवीत होता. रवंथ होता कीं तोंडांत पाला राहिला होता, तें कळलें नाहीं. उद्यां पुन्हां पाहावें."